रविवारची हिस्टरी

देवासच्या मराठी मंडळात कुणाचा फोन अडला, कुणाची पेन्शनची वेबसाइट उघडेना, की एकच नाव निघायचं. "नेहेतेकाकांना विचारा."

शालिग्राम नेहेते यावलकडचे. चाळीस वर्षांपूर्वी ए. बी. रोडवरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. कॉम्प्युटरशी त्यांचा कधी संबंध नव्हता. पण लॉकडाउनमध्ये मंडळाची गणपतीची आरती त्यांनी घरोघरच्या फोनवर दाखवली आणि तेव्हापासून मंडळानं त्यांना तज्ज्ञ ठरवून टाकलं. त्यांनीही ते ठरू दिलं. खरी गोष्ट अशी होती, की कुणी अडचण सांगितली की ते गंभीर चेहऱ्यानं "बघतो" म्हणायचे, घरी यायचे, तीच अडचण ब्राउझरमध्ये हिंदीत टाकून उत्तर शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन दोन मिनिटांत काम करून द्यायचे. लोक म्हणायचे, काकांच्या हाताला गुण आहे. हे ऐकायला त्यांना फार आवडायचं. सहासष्टाव्या वर्षी दिवसाकाठी एवढंच तर ऐकायला मिळत होतं.

त्या हिवाळ्यात धारचे दत्ताजी गेले. शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि धार-देवास दोन्हीकडच्या गणेशोत्सवातल्या नाटकांचे पडदे चाळीस वर्षं त्यांनीच रंगवले. त्यांची शोकसभा धारला ठरली. देवासहून मंडळाची बस जाणार होती, आणि दत्ताजींचे जुने फोटो पडद्यावर दाखवायचं काम देवासकडे आलं.

फोटो जमवले वासंतीनं. बेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, वडील गेल्यावर मीठा तालाबकडच्या घरात एकटी राहणारी. मंडळाचं वाचनालय ती सांभाळायची आणि शनिवारी मुलांना मराठी वाचायला शिकवायची. हिंदी शाळेत जाणारी ती मुलं 'शिक्षा' म्हटलं की अभ्यास समजायची. त्यांना तिनं निबंध लिहिण्यापर्यंत आणलं होतं. फोटोंसाठी ती तीनदा धारला गेली, दत्ताजींच्या पत्नीजवळ, माईंजवळ बसली, एकेका फोटोच्या मागं नाव आणि साल लिहून घेतलं आणि सगळे मंडळाच्या लॅपटॉपवर चढवले.

सभेच्या आधीच्या रविवारी नेहेत्यांनी तो लॅपटॉप घरी आणला. फोटो एकामागून एक आपोआप सरकले पाहिजेत, मागं बासरी वाजली पाहिजे, एवढं त्यांना जमवायचं होतं. दुपारपर्यंत ते जमलं. मग त्यांना आठवलं की आज मॅच आहे. टीव्हीवर इंदूताईंची मालिका चालू होती. त्यांनी ब्राउझरमध्ये फुकट मॅच कुठं दिसते ते शोधलं. एक साइट उघडली. तिनं विचारलं, तुम्ही रोबोट नाही ना? नसाल तर 'अलाउ' दाबा. नेहेते रोबोट नव्हते. त्यांनी दाबलं. दुसरी साइट उघडली, तिनंही तेच विचारलं. तिसरीनंही. मॅच काही दिसली नाही, नुसतं चक्र फिरत राहिलं. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला.

धारला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत माई बसल्या होत्या, पांढऱ्या शालीत. फोटो सुरू झाले. दत्ताजी शिडीवर उभे राहून पडदा रंगवताहेत. दत्ताजी आणि माई मांडूला. लोक हळूहळू डोळे पुसायला लागले. नेहेते लॅपटॉपशी उभे होते आणि आपण हे किती छान जमवलं असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात स्पीकरमधून 'टुंग' वाजलं आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट आली. त्यात एका मुलीचा फोटो, ओढणी खांद्यावरून घसरलेली. शेजारी मोठ्या अक्षरांत: 'सोनम, २ किलोमीटर दूर. घर में अकेली है. अभी बात करें.'

मागून कुणीतरी फिसकन हसलं. नेहेत्यांनी घाईघाईनं बाण चौकटीवर नेला आणि फुली दाबली. ती फुली नव्हतीच, फुलीचं चित्र होतं. दत्ताजी आणि मांडू दोन्ही गेले आणि सोनम पडदाभर उघडली. तिच्याखाली आणखी चार जणी होत्या. बासरी वाजतच होती.

"काका, ये क्या चल रिया है!" मंडळाचा सेक्रेटरी अंशुल धावत आला.

नेहेत्यांना बंद करायचं बटण सापडेना. शेवटी त्यांनी प्रोजेक्टरची वायरच उपटली. पडदा निळा झाला. हॉलमध्ये एकदम सगळे बोलायला लागले आणि मग एकदम सगळे गप्प झाले. धारचे एक गृहस्थ उठून उभे राहिले. "हा लॅपटॉप आहे कुणाचा?" त्यांनी विचारलं.

शंभर माणसं त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, "मंडळाचा आहे. वासंतीकडे असतो. तीच वापरते."

यात खोटं काहीच नव्हतं. लॅपटॉप मंडळाचा होता. आठवडाभर तो वासंतीकडेच असायचा.

वासंती दाराशी फुलांचं तबक घेऊन उभी होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती पडद्याकडे बघत नव्हती, लोकांकडे बघत नव्हती. नेहेत्यांकडे बघत होती. मग तिनं तबक शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि ती बाहेर गेली.

परतीच्या बसमध्ये नेहेते मागच्या सीटवर बसले. इंदूताई पुढं बायकांत होत्या. मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांनी ब्राउझरचं सेटिंग उघडलं. नोटिफिकेशनच्या यादीत तीन साइटी होत्या. तिन्हींना आपणहून चौकटी पाठवायची परवानगी. हिस्टरीत, म्हणजे काय काय उघडलं त्याच्या यादीत, त्यांची वेळही होती: तीन वाजून चाळीस मिनिटं, रविवार. त्यांनी तिन्ही बंद केल्या. हिस्टरीसुद्धा पुसून टाकावी असं त्यांच्या मनात आलं. बोट त्या बटणावर गेलं.

पुढच्या सीटवरून विनोदिनीबाईंचा आवाज आला. त्या मंडळाच्या कार्यकारिणीवर होत्या आणि संत्रं सोलत होत्या. "मी तर म्हणते, लहान मुलं येतात तिच्याकडे. एकटी बाई, घरात विचारणारं कुणी नाही. काय बघत असेल कुणी सांगावं?"

कुणी "नाही हो" म्हणालं नाही. वासंती बसमध्ये नव्हती. ती सभा संपायच्या आधीच बस स्टँडवर जाऊन इंदूरची बस पकडून निघून गेली होती. नेहेत्यांनी बोट मागं घेतलं आणि लॅपटॉप मिटला. पुसलं नाही, एवढंच त्या दिवशीचं त्यांचं पुण्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप मंडळाच्या कपाटात ठेवून दिला.

पुढचे पंधरा दिवस ते रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं. देवीच्या टेकरीला फिरायला जायचे, पायऱ्या चढताना वाक्यं जुळवायचे, उतरताना ती विसरायचे. मनात म्हणायचे, आपोआप निवळेल. निवळलं नाही. पहिल्या शनिवारी वर्गाला अकराच्या जागी सहा मुलं आली. दुसऱ्या शनिवारी दोन. इंदूताईंनी जेवताना सांगितलं, "वासंतीच्या वर्गाचं काही खरं नाही म्हणे." नेहेत्यांनी वरण वाढून घेतलं आणि विषय बदलला. त्या घासाची चव त्यांना आठवडाभर आठवत राहिली.

कार्यकारिणीची बैठक भरली, त्यात विषय हाच होता. अध्यक्ष तात्या, जुन्या देवासचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सावकाश बोलणारे. "पोरीची अब्रू जायला नको," ते म्हणाले. "वर्ग तूर्त स्थगित, असं लिहा. कारण लिहू नका."

नेहेते उठले. "तात्या, ती चूक वासंतीची नाही. माझी आहे. लॅपटॉप त्या रविवारी माझ्याकडे होता. मी मॅच बघायला गेलो आणि नको ते बटण दाबलं. त्यामुळं झालं ते."

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नेहेत्यांचा हात हातात घेतला. "शालिग्राम," ते म्हणाले, "हा तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा नाही, तात्या, खरंच…"

"काका, आप भी ना!" अंशुल हसत म्हणाला. "आपसे ऐसी गलती? पूरे देवास के फोन आप ठीक करते हो. रहने दो. आपण समजलो."

विनोदिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मुलीसारखी मानतात तिला," त्या शेजारणीला म्हणाल्या.

नेहेते उभेच राहिले. आणखी एकदा तेच सांगायला हवं होतं, जोरात सांगायला हवं होतं. पण सगळे त्यांच्याकडे इतक्या प्रेमानं बघत होते, आणि आतून त्यांना सुटल्यासारखं वाटलं. सांगून तर झालं. आता नाही कुणी ऐकलं तर आपण काय करणार? ते खाली बसले. वर्ग स्थगित झाल्याचं लिहिलं गेलं.

घरी येईपर्यंत त्यांना स्वतःची किळस आली होती. त्यांनी चहा घेतला नाही. तसेच उलटे फिरले आणि वासंतीच्या घरी गेले.

तिनं दार उघडलं. आत या म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. खोलीत मुलांच्या वह्या रचून ठेवल्या होत्या.

"वासंती, मी बैठकीत सगळं सांगितलं," ते म्हणाले. "पण त्यांचा विश्वासच बसला नाही."

"कळलं. अंशुलचा फोन आला होता." तिचा आवाज अगदी साधा होता. "म्हणाला, काकांनी तुझ्यासाठी सगळं स्वतःवर घेतलं. त्यांचे आभार मान म्हणाला."

नेहेत्यांना मान वर करता येईना.

"मला माहीत होतं, काका. शोकसभेनंतर सोमवारी मंडळात आले तेव्हाच मी हिस्टरी बघितली. रविवार होता, आणि रविवारी लॅपटॉप तुमच्याकडे होता."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? म्हणाले असते, आता काकांवर ढकलते. आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल. सोमवारी वाटलं. मंगळवारी वाटलं. त्यानंतर वाटायचं बंद झालं."

नेहेते म्हणाले, "महिन्याची सभा आहे शनिवारी. सगळे असतात. तो रविवार मी पडद्यावर लावतो. तेव्हा तरी बसेल विश्वास."

"रविवारच लावा. माझे दिवस उघडू नका. माझं काही वाईट नाही त्यात, पण ते दाखवून मी चांगली ठरायचं, असं मला नको आहे."

"तू येशील ना?"

"नाही. मला बघायला बोलावू नका." दार लावताना ती म्हणाली, "आणि माईंना कोण सांगणार? त्यांना तर कुणी काहीच बोललेलं नाही."

शनिवारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. इंदूताई तिसऱ्या रांगेत. त्यांना नेहेत्यांनी घरी सांगायचा प्रयत्न केला होता, पण 'एक काम आहे सभेत' याच्यापुढं जीभ रेटली नव्हती. तात्यांकडे दहा मिनिटं मागून त्यांनी वायर जोडली आणि फक्त तो रविवार उघडला. ओळी पडद्यावर आल्या, वेळेसकट.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "मीच वाचतो."

यादीत नवं वर असतं, म्हणून त्यांनी खालून सुरुवात केली. 'प्रोजेक्टर में नो सिग्नल आए तो क्या करें.' 'फोटो अपने आप कैसे बदले.' 'एक्सेल में जोड़ कैसे लगाएं.' इथं अंशुल खुदकन हसला, कारण त्याच आठवड्यात काकांनी त्याला एक्सेल शिकवलं होतं. हसू इकडून तिकडे पसरलं. नेहेत्यांचे कान लाल झाले. "मला काहीच येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही विचारता ते मी इथं बघतो आणि तुम्हाला सांगतो."

मग आलं 'आज का मैच फ्री में लाइव'. त्यावर त्या तीन साइटी, वाकड्यातिकड्या नावांच्या, तीन वाजून चाळीस. हसू थांबलं. आता लोकांना दिसत होतं.

पण त्याच्या वर आणखी एक ओळ होती, ती नेहेत्यांच्या साफ लक्षातून गेली होती. तीन बावन्न. 'अलाउ दबा दिया अब क्या होगा.' तीही त्यांनी वाचली. म्हणजे त्या दिवशीच त्यांना शंका आली होती. इंदूताईंनी चहाला हाक मारली असेल, ते उठून गेले असतील. पण धारला लॅपटॉप उघडला तेव्हा कुठंतरी आत त्यांना ठाऊक होतं. आणि वासंतीचं नाव घेतलं तेव्हा तर नक्कीच.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "बसमध्ये बघितलं तेव्हा कळलं असं मी स्वतःला सांगत होतो. मला हॉलमध्येच कळलं होतं. आणि तरी मी तिचं नाव घेतलं."

पडद्यावर एक ओळ उरली होती, संध्याकाळी पाचची. ती त्यांनी वाचली नाही, पण ती सगळ्यांना दिसत होती. 'रिटायर होने के बाद मन नहीं लगता.' इंदूताईंनी ती वाचली आणि मग खाली स्वतःच्या हातांकडे बघितलं.

या वेळी मोठेपणा कुणी म्हणालं नाही. तात्या काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले. शेवटी म्हणाले, "मागच्या बैठकीत आपण पोरीला काय केलं, ते आता आपण सगळ्यांनी बघायचं आहे. विनोदिनीबाई, अंशुल, आज संध्याकाळी तिच्या घरी जा." विनोदिनीबाईंनी मान हलवली. वर त्यांनी एकदाही बघितलं नाही.

ते दोघं गेले. वासंतीनं चहा दिला. मंडळात परत यायला तिनं नकार दिला. वाचनालयाची किल्ली अंशुलच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मुलांना पाठवायचं असेल तर इथं पाठवा. वर्ग माझ्या घरात होईल." पुढच्या शनिवारी पाच मुलं गेली, त्याच्या पुढच्या शनिवारी नऊ. दोन घरांनी नाही पाठवलं. त्यांनी कारण सांगितलं नाही.

घरी इंदूताई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "धारला जायचं राहिलंय ना?" आणि डब्यात दशम्या बांधून दिल्या.

इंदूरला बस बदलून नेहेते दुपारी धारला पोचले. माईंनी दार उघडलं आणि त्यांना बघून त्या जरा बावरल्या. घरात भिंतीला टेकवून रंगवलेल्या पडद्यांच्या गुंडाळ्या होत्या. जमिनीवर दत्ताजींच्या जुन्या वह्या पसरल्या होत्या, चित्रांच्या, पन्नासेक तरी.

"बरं झालं तुम्ही आलात," माई म्हणाल्या. त्यांनी आत-बाहेर बघितलं, घरात कुणी नव्हतं तरी आवाज खाली आणला. "तुम्हालाच विचारायचं होतं. ती मुलगी कोण होती हो?"

नेहेत्यांना आधी समजलंच नाही.

"ती. यांच्या फोटोंत आली होती ती. सोनम. मी सगळ्या वह्या बघितल्या. विद्यार्थिनींची नावं बघितली, कुणाचं नाव सोनम नाही. दोन किलोमीटर म्हणजे इथंच कुठंतरी राहत असेल ना? कुणाला विचारू? या वयात काय विचारायचं कुणाला?"

नेहेते त्या वह्यांमध्येच खाली बसले. इतके दिवस ही बाई दार लावून मेलेल्या नवऱ्याच्या वह्यांत एक मुलगी शोधत होती. हॉलमधली शंभर माणसं, मंडळाची बैठक, पडद्यावरची ती यादी, या कशाचीच त्यांना इतकी लाज वाटली नव्हती.

"अशी मुलगीच नाही, माई," ते म्हणाले. त्यांनी मॅचपासून सगळं सांगितलं. परवानगी म्हणजे काय, ती चौकट कशी येते, तो फोटो कुणाचाही असतो, ते किलोमीटर मशीन आपल्या मनानंच लिहितं. त्यांना ते नीट सांगता येत नव्हतं. माईंनी दोनदा विचारलं, "म्हणजे यांचा तिच्याशी काही संबंध नाही?" दोनदा ते म्हणाले, "काही नाही."

माईंनी शालीत तोंड लपवलं. त्या हसताहेत की रडताहेत, ते नेहेत्यांना कळलं नाही. मग त्यांनी चेहरा पुसला. "आणि वासंतीचं काय? ती फुलं टाकून निघून गेली. ती का गेली?"

तेही त्यांनी सांगितलं. आपण काय वाक्य बोललो, तेही शब्दाला शब्द.

माईंच्या डोळ्यांतलं पाणी आटलं. "तीनदा आली हो ती पोर माझ्याकडे. मी एकेका फोटोवर तासभर बोलायची, ती ऐकायची." त्या उठल्या, फळीवरचा फोन घेतला आणि वासंतीला लावला.

बोलणं लांबलं. माई तिला वह्यांबद्दल सांगत होत्या, स्वतःच्या वेडेपणाबद्दल सांगत होत्या, आणि एकदा पलीकडून ती हसल्याचा बारीक आवाज आला. मग माई म्हणाल्या, "नेहेते बसलेत इथं. देऊ का?" त्या ऐकत राहिल्या. "बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"ती म्हणाली, नंतर कधीतरी."

नेहेत्यांनी मान डोलावली. इंदूरची बस साडेचारची होती. ते उठायला लागले तसं माईंनी त्यांना हातानं बसवलं, आत जाऊन पोहे केले, बशी त्यांच्यापुढं ठेवली आणि ते संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.